मथुराकाकीचा कौल

लखनौ, राष्ट्रीय शिबिर
३ नोव्हेंबर

संचू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नसशील असं धरून लिहिते आहे. घातलं असशील तर राखेला वाचू दे, माझं काही म्हणणं नाही.

फोनवर तू मला तीन वर्षांपूर्वीच ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग. पत्राच्या डोक्यावर ‘श्री रवळनाथ प्रसन्न’ लिहायची आपल्याकडची रीत. मी गुरवाची मुलगी असूनही ते लिहिलेलं नाही. का, ते आत्ता विचारू नकोस.

आधी कामाचं. गेल्या महिन्यात राज्य हँडबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तू देवगडच्या क्लबकडून नऊ गोल मारलेस. मला कसं कळलं? आमच्या रश्मी मॅडम, म्हणजे आता भारताच्या प्रशिक्षक, टोपी डोळ्यांवर ओढून शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. शिबिरात परत आल्या आणि सगळ्या पोरींसमोर मला म्हणाल्या, “अक्षया, तुमच्या गावची ती डावखुरी जिवंत आहे की! मला वाटलं होतं, संपली.” मी म्हटलं, “मॅडम, आमच्याकडचं माणूस एवढ्यात संपत नाही.” मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग आण तिला. यादी पाच डिसेंबरला जाते.”

तर हे आमंत्रण आहे. स्पर्धा आशियाई, ठिकाण ताश्कंद, डिसेंबरची वीस तारीख. उजवीकडून मारणारी जागा रिकामी आहे. तशी रिकामी नाही म्हणा, हरयाणाची एक गुणी पोरगी तिथे खेळते, पण ती उजव्या हाताची. उजव्या हाताच्या माणसाला त्या कोपऱ्यातून गोल अर्धाच दिसतो. बिचारी कंबर मोडून, मान वाकडी करून मारते आणि बॉल खांबाबाहेर जातो. तुझ्या डाव्या हाताला तोच गोल पूर्ण उघडा दिसायचा. लहानपणी तुझी आई, आमची मथुराकाकी, तुझ्या त्याच हातावर चापट मारायची, “पानात वाढताना तरी उजवो घे गो,” म्हणून. त्या हाताची आज सगळा भारत वाट बघतो आहे. बरं, सगळा भारत नाही, आम्ही सतराजणी आणि मॅडम.

आपल्या संघाची कामगिरी तुला वेगळी सांगायला नको. दक्षिण आशियात आपण दादा. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, सगळ्यांना हरवून पदकं आणतो, विमानतळावर हार घालून घेतो. आणि आशियात गेलो की शेपूट आत. कोरियाने मला एका तासात त्रेचाळीस गोल मारलेले आहेत. मी त्या दिवशी एकोणीस अडवलेही होते, पण अडवलेले गोल फळ्यावर दिसत नाहीत. पहिल्या चारात आपण आजवर कधी गेलो नाही. या वेळी जाणार. मी सांगते आहे म्हणून जाणार. माझा गोल आता असा बंद झालाय की सरावात पोरी माझ्यावर मारायला कंटाळतात. पुढून कोणी गोल करणारी मिळाली की झालं.

ये. तुझा गुडघा बरा आहे हे तू नऊ वेळा सिद्ध केलं आहेस.

काकीला नमस्कार सांग, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलेलं तुला दिसेलच. सध्या नको सांगू.

तुझी,
अक्षू


लखनौ
१५ नोव्हेंबर

संचू,

तुझं आंतरदेशीय पत्र मिळालं. साडेचार ओळी. तरी पोरींना मी सांगितलं की घरून लांबलचक पत्र आलंय, कारण आल्यापासून मी ते वीसेक वेळा तरी वाचलं आहे.

“गुडघो माझो, आई माझी. तुझा हयसर काय काम? तीन वर्षांत एक दिवस माका बघूक इलंस नाय. आई देवाक परत इचारूक तयार नाय, आणि तिका दुखवून माका जावचा नाय.”

बरोबर आहे तुझं. मी आले नाही. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी शिबिरात होते, हे खरं कारण होतं. त्यानंतरची कारणं खरी नव्हती. सुट्टीला गावी आले की आमच्या घराकडून रस्त्याला जायला मी काजूच्या बागेतली वाट धरायचे, कारण सरळ वाट तुमच्या अंगणापुढून जाते. एकदा तू पडवीत कुबड्या घेऊन बसलेली मला दिसलीस. मी माडाआड उभी राहिले. सव्वापाच फुटांची मी, जगातल्या पोरी माझ्यावर बॉल फेकतात तरी डोळे मिटत नाही, आणि कुबड्यांना घाबरून माडाआड लपले. तुला वाटलं, अक्षया मोठी झाली, टीव्हीवर दिसायला लागली, आता तिला आमचं अंगण कशाला हवं. तसं नव्हतं. तसं असतं तर सोपं झालं असतं.

आता काकीचं. तिने देवाला विचारलं होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे, मी तर त्या सकाळी देवळातच होते. आपल्याला पहिल्यांदा शिबिराचं बोलावणं आलं. तुझे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि काकी म्हणाली, एकुलती एक पोर परदेशात पाठवायची की नाही, ते रवळनाथच सांगेल. माझ्या बाबांनी देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पडली. तू गेलीस. पहिल्याच स्पर्धेत गुडघा मोडून आलीस. आणि काकीने मासे सोडले.

मालवण तालुक्यात जन्मलेल्या बाईने मासे सोडायचे म्हणजे काय, हे मी इथे पंजाबच्या पोरींना समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, “मग पनीर खायचं.” मी विषय सोडला.

पण एक सांगू? देवाला दुसऱ्यांदा विचारायला काय हरकत आहे? घर बांधताना आपल्याकडे माणसं तीन-तीनदा कौल घेतात. मी आज बाबांना फोन करते. बाबा काकीला समजावतील, नवा कौल लावतील, रवळनाथ परत उजवा देईल, आणि तू पाच तारखेच्या आत इथे. देवाचं काम देवावर सोड, बाकीचं माझ्यावर.

अक्षू

ता. क. “देवाचं काम देवावर सोड,” हे मी किती सहज लिहून गेले. पण हे पान फाडलं तर सगळंच परत लिहावं लागेल, म्हणून राहू देते.


लखनौ
२१ नोव्हेंबर

संचू,

हे पत्र तू काकीला वाचून दाखवायचं आहेस. एकही ओळ न गाळता. आधी एकटीने वाचलंस तरी चालेल, पण मग तिच्यासमोर बसून मोठ्याने.

मी बाबांना फोन केला होता. ते काकीकडे गेले. काकीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, “परशुरामा, कौल नको. माझ्या तोंडात आता गाऱ्हाणा येणा नाय.” बाबा परत आले आणि मला फोनवर म्हणाले, “अक्षू, तीन वर्षां माझ्या मनात एक आसा. कोणाक बोललंय नाय. माझ्या हातान त्या दिवशी कौल चुकलो काय गो? मी कळ्यो नीट लावल्यो नाय काय? तुझ्या आज्याच्या हातचो एक कौल खोटो गेलो नव्हतो.”

संचू, माझे बाबा तीन वर्षं आपल्या हातांकडे बघत बसले आहेत. काकी तीन वर्षं भाताबरोबर वरण गिळते आहे. आणि मी तीन वर्षं काजूच्या बागेतून फिरते आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं मी, आणि खवखवलं तिघांना.

त्या सकाळी कळ्यांचं तबक मी तयार केलं होतं. लहानपणापासून ते काम माझंच. उजवीकडच्या कळ्या मी नुसत्या पाण्यातून काढून झटकल्या, जवळजवळ कोरड्या केल्या. डावीकडच्या कळ्यांचे देठ दाट उगाळलेल्या गंधात बुडवले, आणि वरून पाणी शिंपडलं म्हणजे बाबांना कळू नये. बाबांनी डोळे मिटले. “बा देवा रवळनाथा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा…” एवढंच झालं असेल. मागच्या माणसांनी “व्हय म्हाराजा” म्हणायच्या आत उजवी कळी टपकन खाली आली. काकीने जमिनीला डोकं टेकलं आणि हसून, रडून म्हणाली, “डाव्या हाताच्या पोरीक देवान उजवो कौल दिलो.” बायकांनी ते किती दिवस गावभर सांगितलं, तुला आठवत असेल.

तो कौल रवळनाथाने दिला नव्हता. मी दिला होता.

का केलं? तुझ्या भल्यासाठी केलं, असं म्हणायला मला फार आवडेल. पण मला तू हवी होतीस, एवढंच खरं. आठवीपासून धामापूरच्या तलावाच्या रस्त्याला आपण दोघी पळालो, शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने गोल काढून तू मारायचीस आणि मी अडवायचे. तुझ्याशिवाय मी एकही मोठा सामना खेळले नव्हते. बाहेर मी सगळ्या जगाला दम देते, पण परक्या मुलखात, परक्या पोरींत एकटी जायची मला भीती वाटत होती. ती भीती कोणाला सांगायची लाज वाटली, म्हणून देवाला खोटं बोलायला लावलं.

मग तो सामना. कझाकस्तान, दुसरा अर्ध. तू उजवीकडून आत घुसलीस आणि उडी मारलीस. कोणी धक्का दिला नाही, कोणी पाय घातला नाही. खाली येताना उजवा गुडघा आत वळला. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या गोलात होते. तिथेही मला आवाज ऐकू आला असं वाटलं. सगळे तुझ्याकडे धावले. मी धावले नाही. माझ्या मनात एकच आलं, की देवाने नाही म्हटलं असतं, आणि मी त्याला म्हणू दिलं नाही.

म्हणून मी आले नाही. तुझ्या समोर बसून “कसं वाटतंय?” असं विचारायचं तोंड मला नव्हतं.

काकी, देवाने तुला फसवलं नाही. तुझा प्रश्नही चुकला नव्हता. बाबांचे हात चुकले नाहीत. तू मासे खा. आणि हे गावात सांगायचं असेल तर सांग. गुरवाच्या घरात कौल बाटवला हे कळलं तर बाबांची देवळातली पाळी जाईल, पिढ्यांची सेवा जाईल, हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनच हे लिहिते आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्ही दोघी.

संचू, आता शिबिराला ये असं म्हणायचा मला हक्क नाही. तारीख तेवढी पाच आहे.

अक्षया


गाव
२८ नोव्हेंबर

अक्षया,

आई सांगते आहे ते लिहिते आहे. ती बोलेल तसंच. माझं काही असेल ते खाली.

अक्षू, चेडवा, तुझा पत्र संचून माका दोनदा वाचून दाखवल्यान. पयल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा तिना तुका गाळी घातल्यान. लिवूक बसाक तयार नव्हती, मीच म्हटलंय, लिव, माझा अक्षर तिका वाचूक येवचा नाय.

आता माझा आयक. मी ह्या गावात लगीन होवन इलंय तेका तीस वर्षां होतली. पयले तुझ्या आज्याच्या हातचे कौल बघलंय, मगे तुझ्या बापाशीच्या. घराच्या पायाचो बघलंय, संचूच्या बापाशीच्या दुखण्याचो बघलंय. नुसती ओली कळी दगडाक कशी धरता, आणि गंधात बुडवलेली कशी धरता, ता माका कळाचा नाय काय? त्या दिवशी डावीकडच्या कळयेखालसून गंधाचो बारीक ओघळ दगडार इलो. पांढरो. माका दिसलो. तुझ्या बापाशीक दिसाक नाय, तो डोळे मिटून गाऱ्हाणा घालीत होतो.

माका तेव्हाच म्हणूक होया होता, परशुरामा थांब, कळ्यो बदल. मी म्हणूक नाय.

लिव गो. हात कित्या थांबलो तुझो? लिव.

मी म्हणूक नाय, कारण माका पण माझ्या चेडवाक, संचूक, पाठवूचा होता. बापाशी गेल्यापासून ती घरात तोंड पाडून बसलेली माका बघवत नव्हती. पण ‘मी पाठवतंय’ असा माझ्या तोंडान म्हणूचो माका धीर नव्हतो. उद्या तिका काय झाला तर भावकी म्हणतली, मथुरान पोर घालवल्यान. म्हणान मी ता वझा देवाच्या खांद्यार ठेवलंय. तू लबाडी केलंस, मी ती बघलंय आणि डोकां जमिनीक टेकून हसलंय. सगळ्यांत मोठी लबाड मी. तू तेव्हा बावीस वर्षांचा पोर होतंस. मी नव्हतंय.

मासे मी देवार रागावन सोडूक नाय. माझ्यार रागावन सोडलंय. आणि परत गाऱ्हाणा घालूक माझा तोंड उघडत नाय ता तेच्यासाठी. खंयच्या तोंडान इचारू?

गावात कोणाक सांगूचा नाय. पण तुझ्या बापाशीक तू सोता सांग. तो बिचारो आपल्या हातांक दोष देता हा, ता माका बघवत नाय, पण माझ्या तोंडसून तेका कळता नये. तेच्या चेडवाच्या तोंडसून कळाक होया.

आणि आता कौल नको. आमी बायका आपली भिती देवाच्या कपाळार चिकटवतो आणि ती खंय पडता ता बघत रवतो. पुरे झाला. चेडवाक इचार. गुडघो तिचो आसा.

– मथुराकाकी

आईचं संपलं. आता माझं.

हे सगळं मी आत्ता, लिहिताना ऐकलं. मधे हात थांबला तो म्हणूनच. तू मला न्यायचं ठरवलंस, आईने मला पाठवायचं ठरवलं, दोघींनी मिळून रवळनाथाला साक्षीला उभं केलं, आणि मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतंत तर मी काय म्हटलं असतं ठाऊक आहे? “जातंय.” एवढंच. त्यासाठी कळ्या लागल्या नसत्या.

आणि गुडघ्याचं. तीन वर्षं आई म्हणते तिच्यामुळे गेला, तू म्हणतेस तुझ्यामुळे गेला, तुझे बाबा म्हणतात त्यांच्या हातामुळे गेला. उडी मी मारली होती, अक्षया. समोरच्या दोन पोरींच्या मधे फट दिसली, गोल दिसला, आणि मी मारली. परत दिसली तर परत मारीन. तेवढं तरी माझं राहू दे.

तू तीन वर्षं आली नाहीस, ते मात्र तुझं आहे. गंध मी एका दिवसात विसरेन. माडाआडचं विसरणार नाही.

दोन डिसेंबरला पोचते आहे. मॅडमना सांग, आधी चाचणी घ्या, ओळखीवर नको. तुझ्या खोलीत राहणार नाही. आणि कोणी विचारलं तर सांग, हिला कोणी पाठवलेलं नाही. ही आली आहे.

संचिता


ताश्कंद
२९ डिसेंबर

काकी,

संचू तुला रोज फोन करते ते मला माहीत आहे, त्यामुळे बातमी म्हणून माझ्याकडे काही शिल्लक नाही. आपण कझाकस्तानला चोवीस-तेवीसने हरवलं आणि पहिल्या चारात गेलो हे तुला कळलंच असेल. पुढे जपानने आणि कोरियाने आम्हाला धुतलं, तेही कळलं असेल. चौथ्या आलो. आजवर नव्हतो आलो. मी लिहिलं होतं ना, मी सांगते आहे म्हणून जाणार? संचू म्हणते, माझ्या बढायांपैकी ही पहिलीच खरी झाली, आता मी गप्प बसावं. मी काही गप्प बसणार नाही.

बाबांना मी सांगितलं. दोन डिसेंबरलाच, संचू शिबिरात यायच्या आधी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बरा झाला सांगलंस.” आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं, या वर्षाची पाळी त्यांनी चुलत्यांकडे दिली. लोकांनी विचारलं तर हात थरथरतात म्हणून सांगतात. त्यांचे हात थरथरत नाहीत, काकी. परवा सामन्यानंतर त्यांचा स्वतःहून फोन आला. “चार गोल बरे अडवलंस,” म्हणाले. मी पंधरा अडवले होते. पण त्यांनी सामना बघितला हे कळलं. घरी गेल्यावर त्यांच्यासमोर बसायचं आहे. त्याची मला कोरियापेक्षा जास्त धास्ती आहे, पण मी जाणार, आणि सरळ वाटेने जाणार.

संचूचं सांगते. शिबिरात तिने मॅडमची चाचणी दिली, सगळ्यांपेक्षा जास्त पळाली, आणि शब्द दिल्याप्रमाणे दुसऱ्या खोलीत राहिली. माझ्याशी बोलायची ती फक्त मैदानावर. “डावीकडे!” “सोड!” “उठ!” जेवताना समोर बसली तरी मीठ दुसरीकडून मागायची. अठरा दिवस असेच गेले. मी तक्रार केली नाही. तीन वर्षांपुढे अठरा दिवस काहीच नाहीत.

पण हे पत्र मी कझाकस्तानच्या सामन्यातल्या एका क्षणासाठी लिहिते आहे. ते संचू तुला सांगू शकणार नाही, कारण तिला स्वतःला ते दिसलं नाही. टीव्हीवरही दिसलं नसेल, कॅमेरा बॉलच्या मागे असतो.

समोर तोच संघ. आधीच्या सामन्यांत संचूने गोल मारले होते, पण सगळे लांबून, पाय जमिनीवर ठेवून. आत घुसून उडी तिने एकदाही मारली नव्हती. मॅडमनी विचारलं नाही, कोणीच विचारलं नाही. सतराव्या मिनिटाला उजवीकडे तिच्यासमोर दोघींच्या मधे फट पडली. मी माझ्या गोलातून बघत होते. मला दिसली म्हणजे तिला दिसलीच असणार. मनात आलं ओरडावं, नको, बाहेरून मार. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. तिला विचारायचं होतं, तिचं तिला ठरवू द्यायचं होतं, हे तूच लिहिलं होतंस ना?

ती घुसली. त्याच पायावर, त्याच उजव्या गुडघ्यावर जोर देऊन तिने उडी मारली.

काकी, तो गोल झाला हे मला फळ्यावरून कळलं. बॉल कुठल्या कोपऱ्यात गेला, त्यांच्या गोलकीपरने हात लावला का, मला काही माहीत नाही. मी फक्त तिच्या पायांकडे बघत होते. आधी उजवा टेकला. मग डावा. एक क्षण ती वाकून तशीच थांबली. मग ती सरळ उभी राहिली, वळली, आणि धावत परत आली.

माझ्याजवळून जाताना म्हणाली, “माझ्याकडे काय बघतंस गो? बॉलाकडे बघ.”

तुझी,
अक्षू